पोवारांच्या दोन चुली

“लिवा, माणसं पाच,” गुंडूआण्णा पोवार म्हणाले आणि मांडी बदलून बसले. “आन् पलीकडच्या घरात किती हाईत ते मला इचारू नका. मला त्या घराची काय म्हायती न्हाई.”

पलीकडचं घर म्हणजे भिंतीपलीकडचं. एकच आढं, एकच कौलारू छप्पर, मधोमध मातीची भिंत आणि पुढच्या अंगाला दोन दारं. एका दारावर तांबड्या कावेनं सतरा लिहिलेलं, दुसऱ्यावर अठरा.

“शेजारी तुमचे सख्खे भाऊच ना, आण्णा?”

“आसंल,” गुंडूआण्णा म्हणाले.

साल एक्क्याण्णव, फेब्रुवारी महिना. मी सत्तावीस वर्षांचा प्राथमिक शिक्षक. घर आजऱ्यात आणि शिरगणतीसाठी वाट्याला आलेलं गाव भोगेवाडी. सायकलनं सव्वा तास, त्यातला निम्मा वेळ सायकल हातात धरून चढ चढायचा. आदल्या वर्षी दुसऱ्या कुणा गुरुजींनी येऊन घरयादी केली होती, दारांवर नंबर घातले होते आणि गावात कुटुंबं एकसष्ट असं लिहून गेले होते. हा एकसष्टचा आकडा सगळ्या गावाला पाठ झाला होता. मी पारासमोरून गेलो की कुणीतरी हटकायचंच, “कितीवर आलं, गुरुजी? एकसष्ट भरत्यात न्हवं?” जणू एखादं कमी पडलं तर ते मी पिशवीतून पळवलं असतं.

ट्रेनिंगमध्ये आमचे पर्यवेक्षक चौगुले गुरुजी यांनी एकच गोष्ट दहा वेळा सांगितली होती. “बाबांनो, भिंती मोजू नका, रेशनकार्डं मोजू नका. एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. शंका आली तर चुलीपाशी जाऊन बघा.” आणि दुसरं म्हणजे, लोक सांगतील ते गुपित राहतं, हे कागद कोर्टातसुद्धा पुढं करता येत नाहीत. मला नियमांची भारी हौस. दोन्ही वाक्यं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली रेघ मारली होती.

गुंडूआण्णांनी भावाशी वैर का ते न विचारता सांगितलं. दहा वर्षांपूर्वी ते ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि एका मतानं पडले. एकाच. “घरात मतं चार. मी, ही, जानबा, त्याची बायकू. मतपेटी उघडली तवा वॉर्डात मला एक कमी. ते एक कुणाचं आसंल? सख्ख्या भावाचंच की. घरचा भेदी.” त्याच आठवड्यात भिंत घातली गेली. चूल वेगळी, बैल वेगळे, बोलणं बंद.

मी मान डोलावली, जरा जास्तच जोरानं. कारण माझंही थोरल्या भावाशी बोलणं बंद होतं. यशवंतदादा एस.टी.त कंट्रोलर. घर एकच, तो माडीवर, मी खाली. आमचं फाटलं टीव्हीच्या अँटेनावरून. सत्त्याऐंशी साली मॅच रंगात असताना त्यानं वरून अँटेना फिरवला की वाऱ्यानं फिरला, हा वाद अजून मिटायचा आहे. अँटेनावरून भाऊ वेगळे होत नाहीत हे मलाही कळतं. आधीचं बरंच साठलेलं असणार, पण तोंड फुटलं ते अँटेनावरून. चार वर्षं आम्ही जिन्यात समोरासमोर आलो तर एक जण चप्पल शोधायला लागायचा. आई एक महिना वर आणि एक महिना खाली जेवायची.

“जेवल्याबिगर जायचं न्हाई,” गुंडूआण्णा म्हणाले. मी डबा आणलाय म्हटलं, पण तोवर आतून ताट आलं. नाचणीची भाकरी, वालाचं कालवण, कांदा. अर्धी भाकरी खाल्ली. कालवण असं होतं की डबा विसरलो.

“आमच्या हिच्या हाताला चव हाय,” आण्णा म्हणाले. “पलीकडं जेवू नका बरं का. तिथं नुसतं पाणी आसतंय.”

भाकरीच्या कडेला नखाएवढी एक खाच होती. ती मी पाहिली आणि सोडून दिली.

तिथून निघून अठरा नंबरच्या दारात गेलो. जानबातात्या भावापेक्षा किरकोळ, पण आवाज तोच. माणसं सहा. नावं, वयं, शिक्षण सगळं लिहून झाल्यावर तेही म्हणाले, “पलीकडं काय सांगितलंनी? मी मत दिलं न्हाई म्हणून सांगितलं आसंल. गुरुजी, देवाशपथ सांगतो, शिक्का मी भावाच्याच चिन्हावर मारला. पर सांगायचं कुणाला?” मग पाट पुढं सरकवत म्हणाले, “जेवून जावा.”

मी पोट दाखवलं. “न्हाई म्हणू नका. पलीकडचं खाऊन आलायसा तर तोंडाला चव यायला पायजे. तिकडं नुसतं मीठ आसतंय.”

ताट आलं. नाचणीची भाकरी, वालाचं कालवण, कांदा. भाकरीच्या कडेला नखाएवढी खाच.

मी ती भाकरी फिरवून फिरवून पाहिली. कालवणाचा घास घेतला आणि मला चौगुले गुरुजींचा आवाज ऐकू आला, भिंती मोजू नका म्हणून.

थोड्या वेळानं जानबातात्या खांद्यावर टॉवेल टाकून शेताला गेले. पलीकडच्या दारातून गुंडूआण्णाही निघाले. दोघं एकाच पायवाटेनं गेले, मधे पन्नास पावलांचं अंतर ठेवून. मी तात्यांच्या बायकोला, हौसावहिनींना म्हटलं, “वहिनी, नियमानं मला चूल बघायला लागते.”

“चूल?” त्या म्हणाल्या. “चुलीत काय बघायचं? चुलीसारखी चूल.”

“नुसती नजर टाकतो.”

“आत पोरगं झोपलंय.” पोरगं त्या वेळी आमच्यासमोर अंगणात गोट्या खेळत होतं. वहिनींनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दार सोडून बाजूला झाल्या.

स्वयंपाकघर सारवलेलं, लख्ख. चूलही सारवलेली. आणि चुलीच्या तोंडात भुश्यावर एक खुडूक कोंबडी अंडी उबवत बसली होती. माझ्याकडं तिनं एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

“ही कधी पेटवता?”

“रोज तिन्हीसांजंला,” वहिनी म्हणाल्या. मग त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. “म्हंजी, भाईर परड्यात तीन दगडं हाईत, तिथं वला पाला लावते. घरावरनं धूर दिसायला नगो व्हय? ह्यांस्नी शेतातनं धूर दिसतोय. तेवढ्यावर माणूस खूश असतंय.”

मागच्या परड्यात भिंत नव्हती. भिंत घालताना माती तिथवर पुरली नव्हती आणि नंतर कुणा पुरुषाचं तिकडं काम पडलं नव्हतं. गुंडूआण्णांच्या तानूबाई तिथं भांडी घासत बसल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी ताठ, विळा लागून कायमची तशीच राहिलेली. खाच कुठून आली ते मला कळलं.

“आक्का, गुरुजींनी कोंबडी बघितली,” हौसावहिनी म्हणाल्या.

तानूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. “आता लिवणार व्हय?”

“मावशी, मला लिहायलाच लागतं. एक चूल, एक कुटुंब. तुमची चूल एकच आहे.”

“धा वर्सं हाय,” त्या म्हणाल्या. “भाकरी मी थापतोय, कालवण ही करती. पुरुष माणूस चुलीकडं येत न्हाई, त्यास्नी काय कळतंय. दोघंबी म्हणत्यात पलीकडं चव न्हाई. म्हणू द्यात की.” मग त्या एकदम हळू झाल्या. “पर एकसष्टचं साठ झालं, तर पारावरची माणसं इचारतील कुठलं घर कमी झालं. घर हुडकत हुडकत हितं येतील. आन् आमच्या ह्यांच्या कानावर गेलं तर ह्या परड्यात भिंत यील बघा. मग हिची पोरं तिकडं आन् माझी हिकडं. आता कशी सगळी एका ताटात जेवत्यात.”

मी नियमाचं काहीबाही बोललो. नियमावरचं माझं स्वतःचं भाषण मला आवडलं, ते बहुधा तेव्हा शेवटचं.

“तुम्ही सांगितलेलं गुपित राहतं,” मी म्हणालो. “कोर्टातसुद्धा चालत नाही.”

“कुणालाच कळत न्हाई?”

“कुणालाच.”

तानूबाईंनी पदरानं हात पुसले आणि जावेकडं पाहिलं. हौसावहिनींनी मान हलवली. “मग आणि एक लिवा. त्या वर्सी ह्यांच्या चिन्हावर शिक्का मारला न्हाई ती मी.”

मी पेन बंद करून खिशाला लावलं.

“आधीच आमच्या दारात पंचवीस माणसांचा राबता. ह्यो माणूस निवडून आला असता, तर चुलीम्होरनं मी मसणात जायलाच उठलो असतो. म्हटलं, एका मतानं काय हुतंय. आन् एका मतानंच झालं.” त्या हसल्या, पण डोळे भरले होते. “जानबाभावजींचा काय दोष न्हाई. सांगायला गेलो तर ह्यो मला घरात ठेवणार न्हाई, न सांगावं तर भाऊ तुटला. हिला पयल्याच वर्सी सांगितलं मी. तवापास्नं दोन घरच्या भाकऱ्या थापतोय. चुलीपासनं सुटायला गेलो आन् दुप्पट चूल गळ्यात पडली.”

“त्याला रकाना नाही, मावशी,” मी म्हणालो.

पोटात दोन घरचं जेवण होतं आणि डबा तसाच होता. परत न्यायला नको म्हणून मी तो त्यांच्यापुढं ठेवला, घरातल्या पोरांना द्या म्हटलं. हौसावहिनींनी झाकण काढलं. चवळीची उसळ आणि पाच चपात्या. त्यांनी चपात्या एकेक करून उलगडल्या आणि तीन एकीकडं, दोन एकीकडं अशा ठेवल्या.

“गुरुजी, तुमच्या घरात चपात्या कितीजणी लाटत्यात?”

“एकच. माझी मिसेस.”

“एकटीच?”

“आम्ही वेगळे राहतो.” आणि मग बायकोचं कौतुक करायची संधी मी का सोडावी? “खाली गॅस नाही, गॅस भावाच्या नावावर. पण स्टोव्हवर सगळं करते, आणि महिन्याचं रॉकेल महिना संपला तरी शिल्लक असतं. असं पुरवून वापरते.”

दोघी जावांनी एकमेकींकडं पाहिलं. मग हौसावहिनींनी तोंडात पदर कोंबला आणि तानूबाई भांडी घासायला वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. खेड्यातल्या बायकांना मिसेस या शब्दाचं हसू आलं असेल, असं मी समजलो.

फॉर्म मी शाईनं भरला नाही. पोवारांच्या कुटुंबांचा रकाना कोराच ठेवून निघालो. पारावर कुणीतरी विचारलंच, “किती झालं?” मी म्हटलं, सायकलची चेन पडलीय. ती पडली नव्हती.

संध्याकाळी नाव-गाव न घेता मी बायकोला, शैलाला सगळं सांगितलं. मतदानाचं तेवढं गाळलं. कोंबडीपाशी ती हसेल असं वाटलं होतं. ती तांदूळ निवडत होती, ते तिनं थांबवलं.

“मग तुम्ही काय लिहिणार?”

“नियम म्हणजे नियम. एक चूल, एक कुटुंब. शासनाच्या कागदावर खोटं कसं लिहिणार?”

“हं,” ती म्हणाली. पुन्हा निवडायला लागली, पुन्हा थांबली. “आपल्या गल्लीच्या शिरगणतीला केसरकर बाई आहेत ना? त्या आल्या तर मी काय सांगू?”

“काय सांगू म्हणजे? वर एक, खाली एक.”

“त्यांनी चूल बघितली तर?”

मी म्हटलं बघू दे की, आपला स्टोव्ह आहे. असं म्हणून मी स्टोव्हकडं पाहिलं. पितळी स्टोव्ह फळीवर होता. घासून पुसून लख्ख, लग्नात आला तसा. कोंबडी तेवढी नव्हती.

माझ्या डोक्यात हौसावहिनींनी मांडलेल्या चपात्या आल्या. तीन त्रिकोणी घडीच्या, शैला लाटते तशा. दोन गोल, पातळ, कडेपर्यंत फुगलेल्या. अशी चपाती मी लहानपणापासून एकाच बाईच्या हातची खात आलो होतो. यशवंतदादाचं लग्न झालं तेव्हा मी आठवीत होतो आणि कुमुदवहिनी शाळेच्या डब्यात तशाच चपात्या द्यायच्या. चार वर्षं त्या माझ्या डब्यात येत होत्या आणि मी, भाकरीची खाच ओळखणारा, रॉकेलच्या बचतीची गावभर बढाई मारत होतो.

“कधीपासून?” मी विचारलं.

“भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून,” शैला म्हणाली. “भावजी सहाला डेपोत जातात, तुम्ही तेव्हा फिरायला जाता. तासाभरात दोन्हीकडचं होतं. त्यांच्या डब्यातली उसळ माझी असते. वर ते म्हणतात, खालच्यांना चवळी करता येत नाही.” तिनं तांदूळ बाजूला सारले. “तुम्हाला राग आला असेल तर येऊ दे. पण मी उद्याही वर जाणार.”

“आईला माहीत आहे?”

“आईच म्हणाल्या होत्या वर जा म्हणून.”

मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, पण आला नाही. आली ती लाज. आणि सरळ सांगायचं तर भूकही लागली.

दुसऱ्या दिवशी मी भोगेवाडीच्या पारावर बसून शाईनं लिहिलं. पोवार गुंडू, कुटुंब एक. पोवार जानबा, कुटुंब एक. गावात एकूण एकसष्ट. महिनाअखेरीला चौगुले गुरुजींनी कागद चाळले आणि नेमकं तिथंच बोट ठेवलं. “एकाच छपराखाली दोन कुटुंबं? चुलीपाशी जाऊन बघितलंस?”

“बघितलं, गुरुजी. दोन्ही घरांवर धूर येतो.”

त्यांनी सही केली. नोकरीत मी खोटं लिहिलं ते एवढंच, आणि आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, कागद कधीच रद्दीत गेले असतील, तरी त्याबद्दल मला वाईट वाटलेलं नाही.

पण एका महिन्यात दोनदा खोटं लिहायची माझी तयारी नव्हती. रविवारी सकाळी केसरकर बाई आमच्या दारात आल्या. शैला माझ्यामागं चौकटीत येऊन उभी राहिली. वर जिन्याच्या तोंडाशी कुमुदवहिनी लाटणं हातात घेऊन. सुट्टीचा दिवस, दादाही घरी, त्यामुळं दोघींची सकाळपासून तारांबळ चाललेली होती.

“तुमचं आधी घेते, मग वरचं,” केसरकर बाई म्हणाल्या. “दोन कुटुंबं ना?”

“एकच लिहा,” मी म्हणालो.

शैलानं मागून माझा शर्ट घट्ट धरला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आमच्या घरातला अँटेना सगळ्या आजऱ्याला माहीत होता.

“एकच?”

“चूल एक आहे. वर गॅसवर होतं सगळं. पाहिजे तर बघून या.” हे मी जरा मोठ्यानं बोललो. माडीवर कसलातरी खडखडाट झाला आणि थांबला.

“बरं. कुटुंबप्रमुख?”

“यशवंत गणपती सुतार.”

बाईंनी ते लिहिलं. वहिनींनी लाटणं छातीशी धरलं होतं.

“माणसं किती?”

मी बोटांवर मोजलं. आम्ही चौघं, वरची पाच. “नऊ.”

“दहा.”

आवाज जिन्यावरून आला होता. दाढीचा साबण तोंडाला लावलेला, हातात ब्रश, असा दादा वहिनींच्या मागं उभा होता. चार वर्षांत माझ्या दिशेनं आलेला तो पहिला शब्द होता, आणि तोही चूक काढायला.

“आईला धरलं नाहीस,” तो म्हणाला.

“आई या महिन्यात वर आहे,” मी म्हणालो. “मला वाटलं, ती तुझ्यात आली.”

“मास्तर झालास आणि मोजता येईना? वर काय नि खाली काय. एकच म्हणालास ना तू?”

“म्हणालो.”

“मग दहा.”

केसरकर बाईंनी काहीतरी खोडलं आणि वर काहीतरी लिहिलं. बरोबर लिहिलंय की नाही ते बघायला दादा तोंडाला साबण तसाच ठेवून जिना उतरून खाली आला.